अंथरूण पाहून गाडी

२०२५ चा दसरा आठ-दहा दिवसांवर आला होता. आमच्या बचत गटाची बैठक नेहमीसारखी एकीच्या पडवीत झाली. पैसे जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला. सगळ्या उठल्या, पण एक ताई काही उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. मी विचारलं, "काय गं, काही झालंय का?" तर हळूच म्हणाली, "वहिनी, जरा एकटीशी बोलायचं होतं."

मला वाटलं, सासूचं काही असेल, नाहीतर तब्येतीचं. पण निघाली गाडी!

२२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला होता. पेपर, टीव्ही, मोबाइल, जिकडेतिकडे त्याचीच जाहिरात. तिच्या नवऱ्याच्या डोक्यात गाडी आधीपासून होतीच, त्याला आता मुहूर्तच मिळाला. शोरूमची किंमत नऊ लाख. आठ लाखांचं कर्ज, सात वर्षं मुदत. वरचे अडीच लाख लेकीच्या नर्सिंगसाठी ठेवलेली ठेव मोडून भरायचे. आणि अगदीच कमी पडले तर हिच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवायच्या.

"गाडी नको असं नाही वहिनी," ती म्हणाली. "मलाही हौस आहे. पण गाडीला किती पैसे घातले म्हणजे जास्त झाले, हे कोणी सांगतच नाही. मी विचारलं तर घरात म्हणतात, तुला काय कळतं त्यातलं?"

मैत्रिणींनो, तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करतो. घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी मात्र बाप्ये मंडळी शोरूमच्या थंडगार हवेत बसून तासाभरात उरकतात, आणि आपण नारळ फोडायला आणि हार घालायला जातो. म्हणून आज या गाडीचाच हिशेब मांडायचा म्हणते. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. बी.ए.ला माझं मराठी होतं. पण वीसेक वर्षं घर आणि गट चालवल्यावर एवढा हिशेब कोणालाही येतो.

आधी माझ्याच घरचं सांगते, म्हणजे लोकाच्या घरात डोकावल्यासारखं व्हायला नको.

२००७ साली आमच्याकडे पहिली गाडी आली. मारुती ८००, जुनीच, पण आम्हाला ती विमानासारखी वाटली. पैसे कमी पडत होते म्हणून माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव दहा हजारांच्या आसपास होता. चाळीस हजार आले. सासूबाईंनी तोंडातून शब्द काढला नाही, पण दोन दिवस माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत होत्या, ते मला अजून आठवतं.

त्या गाडीने आम्हाला काय दिलं? खूप दिलं. माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं ती जुलैची रात्र, बाहेर धो धो पाऊस. त्या रात्री गाडी दारात होती म्हणून ते वेळेत हॉस्पिटलात पोचले आणि पुढे सहा वर्षं नातवंडांत रमले. त्याचं मोल कुठल्या भावाने करणार? त्यामुळे गाडी म्हणजे चैन, पैशांची नासाडी, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण हिशेब तो हिशेबच. ती गाडी सात वर्षांनी विकली तेव्हा पस्तीस हजार आले. आणि सोनं? २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमने लाखाचा आकडा ओलांडला. माझे चार तोळे आज असते तर चार लाखांच्या वर गेले असते. सोनं एवढं चढेल हे तेव्हा कोणाला माहीत होतं म्हणा! पण एक गोष्ट तेव्हाही माहीत होती आणि आजही आहे. सोनं पेटीत ठेवलं तर राहतं, गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडल्या क्षणापासून उतरायला लागते. टिकणारी वस्तू मोडून झिजणारी वस्तू घ्यायची असेल तर दहादा विचार करायला हवा. त्यातून त्या पाटल्या बाईच्या नावावरची एकुलती एक संपत्ती असेल तर वीसदा.

आता त्या ताईच्या गाडीकडे येऊ. मी तिला वहीचं मागचं पान काढायला लावलं आणि दोघींनी मिळून आकडे मांडले.

शोरूमची किंमत नऊ लाख. पण नऊ लाखांत गाडी घरी येत नाही. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात अकरा टक्के रोड टॅक्स पडतो, म्हणजे नव्व्याण्णव हजार. वर विमा, नोंदणी, फास्टॅग, सीट कव्हर, मॅट. साडेदहा लाख कधी झाले ते कळतही नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती किंमत वेगळी आणि आपल्या खिशातून जाते ती वेगळी. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, "सगळं धरून रस्त्यावर कितीला?"

मग कर्ज. आठ लाख, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण तेरा हजार पंचाहत्तर. असे चौऱ्याऐंशी हप्ते. बँकेला एकूण जाणार जवळपास दहा लाख अठ्ठ्याण्णव हजार. म्हणजे जवळजवळ तीन लाख नुसतं व्याज! हेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर हप्ता सोळा हजार आठशेचा होतो, पण व्याज दोन लाख आठ हजारांवर येतं. मुदत दोन वर्षं लांबवली म्हणून नव्वद हजार जास्त. शोरूममधला मुलगा सांगतो, "काकू, मुदत वाढवूया, हप्ता हलका होईल." हप्ता हलका होतो, ओझं वाढतं.

पुढे रोजचा खर्च. विम्याचे वर्षाला तीस हजार धरले तर महिन्याला अडीच हजार. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. मुंबईला एकदा जाऊन यायचं तर पाचशे किलोमीटर, म्हणजे तीन हजारांचं पेट्रोल, टोल-बिल वेगळं. महिन्याला तीन हजार पेट्रोल आणि हजार रुपये सर्व्हिसिंग, टायर वगैरेचे बाजूला धरले. बेरीज केली. महिन्याला साडेएकोणीस हजार.

तिच्या नवऱ्याचा पगार चाळीस हजार. शिवणकामाचे हिचे पाच-सहा हजार. म्हणजे घरात येणाऱ्या शेचाळीसातले साडेएकोणीस गाडीच खाणार. उरलेल्या साडेसव्वीस हजारांत घरभाडं, किराणा, सासूबाईंची औषधं, दोन मुलांची शाळा-कॉलेज, सणवार, आहेर, आजारपण.

मी विचारलं, "गाडी महिन्यातून किती दिवस बाहेर निघेल?" ती म्हणाली, "हे तर बाइकवरून कामाला जातात. रविवारी, नाहीतर कुठे लग्नाला. पाच-सहा दिवस." साडेएकोणीस हजाराला सहाने भागलं. दिवसाला सव्वातीन हजार पडले! एवढ्यात आपल्या ओळखीचा भाड्याचा गाडीवाला ड्रायव्हरसह दारात उभा राहतो, रत्नागिरीला नेऊन आणतो, आणि संध्याकाळी गाडी त्याची तो घेऊन जातो. विमाही त्याचा, टायरही त्याचेच.

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "असं कोणी मांडूनच दाखवलं नाही हो."

आता चिपळूणकरांसाठी खास गोष्ट. आपल्याकडे गाडीचा हिशेब पाण्याशिवाय पुरा होत नाही.

२२ जुलै २०२१. तारीख कोणाला सांगायला नको. २००५ च्या २६ जुलैचा पूर आपण पाहिला होता, वाटलं होतं त्याहून वाईट काय होणार? पण त्या दिवशी पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी जी गावात शिरली ती बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागली. माणसं माळ्यावर, गच्चीवर. आणि खाली गाड्या. काही तरंगत होत्या, काही एकमेकींवर चढल्या होत्या. पाणी ओसरल्यावर सगळ्या गावाला गाळाचा एकच रंग, गाड्यांनाही. लाल कुठली, पांढरी कुठली, ओळखू येत नव्हती.

आमच्या आळीतल्या एका घरी वर्षभरापूर्वी घेतलेली नवी कोरी गाडी होती. पाणी उतरल्यावर त्या घरच्या मुलाने काय केलं, तर चालू होते का बघायला चावी फिरवली. तिथेच घात झाला. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की इंजिन आतून मोडतं. पॅकेज विम्यात पुराचं नुकसान धरतात, पण पाण्यात गाडी चालू केल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीत बसत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्शन नावाचं जादा कवच घ्यावं लागतं. विमा उतरवताना हजार-दोन हजार वाचवायचे म्हणून त्यांनी ते घेतलं नव्हतं. इंजिनाचा खर्च घरावर पडला आणि हप्ते चालूच.

आणि ज्यांच्याकडे नुसता थर्ड पार्टी विमा होता, त्यांना पुराचा एक पैसाही मिळाला नाही. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपल्या गाडीचं त्यात काहीच नसतं. कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे म्हणून पुष्कळ जण तेवढाच घेतात.

याहून वाईट गणित आणखी एक आहे. समजा, नऊ लाखांची तीच गाडी, पण हातात पैसे नाहीत म्हणून रस्त्यावरच्या किमतीचं, म्हणजे साडेदहा लाखांचं, पूर्ण कर्ज काढलं. सात वर्षांचं, साडेनऊ टक्क्यांनी. वर्षभराने पूर आला आणि गाडी पार कामातून गेली. विमा कंपनी गाडीची त्या वेळची ठरलेली किंमत देते. एक वर्ष होऊन गेलं की ती किंमत वीस टक्क्यांनी उतरवलेली असते, म्हणजे सात लाख वीस हजार. हे पैसे आधी बँकेकडे जातात, कारण गाडी बँकेकडे तारण. बँकेचे अजून साधारण नऊ लाख एकोणचाळीस हजार बाकी असतात. राहिले दोन लाख एकोणीस हजार. गाडी गेली, आणि वर सव्वादोन लाख खिशातून भरा! पूर्ण किंमत परत मिळेल असं 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचं कवच नव्या गाडीला मिळतं, पण त्याबद्दल विचारतं कोण?

म्हणून आपल्या गावात गाडी घेताना मी तरी दोन गोष्टी सांगेन. विम्याची दोन्ही जादा कवचं घ्या. आणि जुलै-ऑगस्टात नदीला पाणी चढतंय असं कळलं की गाडी आधी उंचावर नेऊन लावा. आमच्या आळीत आता तशी शिस्तच झाली आहे. आणि तरीही गाडी पाण्यात गेलीच, तर चावीला हात लावू नका. ओढून गॅरेजला न्या. घरातल्या पोरांना हे आधीच बजावून ठेवा.

आता जरा मनातलं. आपण गाडी का घेतो? सगळेच गरजेपोटी घेतात का?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिची किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या घरात होती. मध्यमवर्गाला गाडीचं स्वप्न तिने दाखवलं. मग पावसात स्कूटरवरून चौघं जाणारं कुटुंब बघून रतन टाटांच्या मनात स्वस्त गाडीचा विचार आला आणि २००८ च्या जानेवारीत नॅनो दाखवली गेली. लाखाची गाडी! स्कूटरवाल्यांच्या तिच्यावर उड्या पडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण झालं उलटच. 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्काच तिला भोवला. तशी जाहिरात व्हायला नको होती, असं पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. २०१८ पर्यंत नॅनो बंदच पडली.

त्यातून मला एक कळलं. पावसात भिजू नये एवढीच गरज असती तर नॅनो घरोघरी दिसली असती. पण आपल्याला भिजण्यापेक्षा शेजाऱ्याच्या नजरेची जास्त काळजी. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात, त्यांच्या गाड्या वाडीत रांगेने लागतात. दरवर्षी गाडी आदल्या वर्षीपेक्षा उंच. मग गावातल्या भावालाही वाटायला लागतं, आपली छोटी गाडी त्यांच्या शेजारी कशी लावायची? लग्न जमवताना तर सर्रास विचारतात, "मुलाकडे गाडी आहे ना?" त्या गाडीवर कर्ज किती आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. मी तर म्हणते, मुलीच्या आईने नेमकं तेच विचारावं.

आपणही यात मागे नाही बरं का! "अमक्याच्या बायकोला बघा कशी गाडीतून नेतात", हे वाक्य किती घरांत किती वेळा बोललं गेलं असेल? नवऱ्याच्या डोक्यात गाडीचं खूळ शिरतं तेव्हा त्यातला थोडा भाग आपल्या टोमण्यांचाही असतो. हे कबूल करायला हवं.

दुसरी बाजूही आहे. गाडीवाचून अडतं, आणि खेड्यातल्या माणसाचं जास्त अडतं. एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट झालं, फार मोठी सोय झाली. माझ्या गटातल्या कितीतरी जणी त्यामुळे माहेरी वरचेवर जायला लागल्या. पण आडगावातली शेवटची गाडी चुकली तर? २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा बाळंतीण, म्हातारं माणूस, परीक्षेची मुलं यांचे काय हाल झाले ते आपण बघितलेत. ज्या घरात डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जावं लागतं किंवा अपंग मूल आहे, जिथून डॉक्टर वीस किलोमीटरवर आहे, अशा घरची गाडी म्हणजे औषधच. त्यांना कोणी 'जास्त खर्च केलात' म्हणू नये. ज्याचं पोट गाडीवर चालतं त्याचाही हिशेब वेगळा. तो गाडीत पैसे घालतो आणि गाडीतूनच काढतो.

मग बाकीच्यांनी किती घालावेत? परदेशात एक ठोकताळा सांगतात. किमतीचा पाचवा हिस्सा रोख भरा, कर्ज चार वर्षांच्या आत फेडा, आणि गाडीचा सगळा खर्च उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शात बसवा. आपल्याकडे पगार लहान आणि गाड्या महाग. दहावा हिस्सा म्हटलं तर निम्म्या गावाला गाडीच घेता येणार नाही. म्हणून मी आमच्या गटापुरता जरा सैल नियम केला आहे. हप्ता, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग असं सगळं मिळून घरात येणाऱ्या पैशांचा फार तर सहावा हिस्सा. त्याच्या वर गेलं की जास्त झालं.

त्या ताईच्या घरी सहावा हिस्सा म्हणजे साडेसात हजार. छोटी जुनी गाडी घेतली, बेताने फिरवली, तर विमा-पेट्रोल-सर्व्हिसिंगला चार हजार. हप्त्याला राहिले साडेतीन-छत्तीसशे. बारा टक्क्यांनी चार वर्षांसाठी त्यात एक लाख छत्तीस हजारांचं कर्ज बसतं. वर त्यांच्याकडे ठेवीला हात न लावता लाखभर रुपये होते. म्हणजे झेप दोन लाख छत्तीस हजारांची. नऊ लाखांची नव्हे.

जुनी गाडी म्हटलं की नाकं मुरडतात. पण नव्या गाडीच्या पहिल्या चार-पाच वर्षांची घसरण कोणीतरी दुसऱ्याने सोसलेली असते, ती आपल्याला फुकट वाचते. फक्त नीट बघून घ्यायची. आपल्या भागात तर जास्तच, कारण पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, गालिच्याखाली माती, कोंदट वास आला की परत फिरा. ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. गाडीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला बघितल्याशिवाय विसार देऊ नका. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

आणि आता शेवटचं, खास आपल्यासाठी. आकड्यांपलीकडे मला तीन रेघा महत्त्वाच्या वाटतात. त्या ओलांडून येणारी गाडी दोन लाखांची असली तरी जास्तच.

पहिली रेघ मुलांच्या शिक्षणाची. त्यातही मुलीच्या. मुलाच्या इंजिनिअरिंगची ठेव गाडीसाठी मोडलेली मी अजून पाहिली नाही. मोडते ती मुलीची. "तिचं काय, बघू पुढे," म्हणतात. पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

दुसरी रेघ बाईच्या अंगावरच्या सोन्याची. मी स्वतः ते मोडलं आहे, म्हणून सांगते. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, मीच 'घ्या' म्हटलं होतं. 'नाही' म्हणता येतं हेच माहीत नव्हतं. नड आली तर सोनं बाहेर काढायचंच असतं, त्यासाठीच ते असतं. पण हौस म्हणजे नड नव्हे.

तिसरी रेघ सहीची. कर्जाच्या कागदावर 'सहकर्जदार' म्हणून, नाहीतर जामीनदार म्हणून बायकोला सही करायला लावतात. "नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं सांगतात. नुसती नसते. हप्ते थकले तर बँक तुमच्याही दारात येते आणि तुमचं नावही खराब होतं. उद्या शिलाई मशीनसाठी स्वतःचं कर्ज मागायला गेलात की तेच आडवं येतं. सही करायची तर कागद वाचून करा. आणि मग हेही विचारा की गाडी कोणाच्या नावावर, आणि चालवणार कोण? ज्या गाडीच्या कर्जावर माझी सही आहे ती मला चालवता यायला हवी. आमच्या गटातल्या चौघी जणी गेल्या दोन वर्षांत ड्रायव्हिंग शिकल्या. एकीच्या सासूबाईंना मध्यरात्री तिनेच हॉस्पिटलात नेलं, नवरा मुंबईला होता. गाडी असून घरातल्या बाईला ती चालवता येत नसेल, तर अडीअडचणीला ती दारात उभी असून नसल्यासारखीच.

त्या ताईचं पुढे काय झालं विचाराल. वहीचं ते पान ती घरी घेऊन गेली. चार दिवस घरात अबोला. "बचत गटात हेच शिकवतात का?" असं मलाही बोलणं बसलं, रस्त्यात भेटल्यावर तिच्या नवऱ्याने मान वळवली. दसऱ्याला त्यांच्याकडे गाडी आली नाही. दिवाळी झाल्यावर एक दिवस तोच घरी आला. म्हणाला, "वहिनी, ओळखीचा मेकॅनिक आहे का कोणी?" सात वर्षांची जुनी, छोटी गाडी घेतली त्यांनी. लेकीची ठेव तशीच आहे. पाटल्या मात्र थोड्या दिवसांसाठी का होईना, पतसंस्थेत गेल्याच. सगळंच काही आपल्या मनासारखं होत नाही. पण "मार्चपर्यंत सोडवून आणीन" असं त्याने तिला वहीत लिहून दिलं आहे. त्याच पानावर, आकड्यांच्या खाली, सहीसकट.

ते पान तिने नीट जपून ठेवलंय. मैत्रिणींनो, तुमच्याही घरात गाडीचा विषय निघाला असेल, तर रुसू नका आणि हरखूनही जाऊ नका. आधी वही काढा.